कंपवात : घरी बारा तासांचा माणूस ठेवावा की चोवीस तासांचा?

माळवी_मैना | ३ ऑगस्ट, रात्री १०.१५

नमस्कार. माझे वडील ७६ वर्षांचे असून त्यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान होऊन नऊ वर्षे झाली. ते आणि आई इंदुरात रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात राहतात. मी याच शहरात, परंतु सकाळच्या रहदारीत पाऊण तासाच्या अंतरावर राहते आणि नोकरी करते. भाऊ पुण्यात असतो. इतकी वर्षे आईने सगळे एकटीने निभावले. गेल्या महिन्यात मात्र बाबा न्हाणीच्या उंबरठ्यापाशी पाय चिकटल्यासारखे थबकले आणि तोल जाऊन पडले. त्यांना उचलताना आईच्या कमरेत उसण भरली, आणि घरातली दोन्ही माणसे एकाच दिवशी अंथरुणावर आली. हाड कोणाचेच मोडले नाही, हे नशीब.

घरी माणूस ठेवावा यावर आम्हा बहीण-भावाचे एकमत आहे. वाद आहे तो किती तासांचा ठेवावा यावर. दादाच्या मते चोवीस तासांचाच हवा, त्याशिवाय त्याला पुण्यात झोप लागणार नाही. माझ्या मते दिवसाचे बारा तास पुरेत, कारण घरात तिसऱ्या माणसाने रात्री पाठ टेकावी अशी जागाच नाही. आई म्हणते की परका माणूस तिच्या स्वयंपाकघरात वावरलेला तिला चालणार नाही. बाबांना विचारले तर ते छताकडे पाहत राहतात. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि त्यांच्या अक्षराचे दाखले कचेरीत नव्या मुलांना दिले जात. आता दूधवाल्याच्या वहीतले त्यांचे आकडे मुंगीएवढे झाले आहेत.

ब्यूरोतून, म्हणजे घरी माणसे पुरवणाऱ्या संस्थेतून, माणूस घ्यावा की ओळखीतून, आणि किती तासांचा, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

पोहेप्रेमी | ३ ऑगस्ट, रात्री १०.४०

एका मुद्द्यावर तरी बहीण-भावाचे एकमत आहे, म्हणजे तुमचे निम्मे काम झाले. आम्ही तीन भाऊ आहोत आणि आमच्यात मते चार होती.

राजेंद्रनगरकर | ३ ऑगस्ट, रात्री ११.०५

माझे मत तुमच्या दादाच्या बाजूने आहे. वडिलांसाठी आम्ही पहिल्या दिवसापासून चोवीस तासांचा माणूस ठेवला, कारण या आजाराचा खरा कस रात्री लागतो. संध्याकाळच्या गोळीचा परिणाम मध्यरात्रीपर्यंत ओसरलेला असतो, कूस बदलता येत नाही, लघवीसाठी तीन-चार वेळा उठावे लागते आणि अर्धवट झोपेत उठलेला माणूस नेमका तेव्हाच पडतो. दिवसा हाकेला शेजारीपाजारी असतात, पहाटे तीनला कोणी नसते. ज्या मुलांना परवडते त्यांनी इथे हिशेब करत बसू नये.

सयाजीबागेतला | ४ ऑगस्ट, सकाळी ७.३०

राजेंद्रनगरकर, तुमचा रात्रीचा मुद्दा मान्य आहे, परंतु चोवीस तासांचा माणूस चोवीस तास जागा नसतो, हे आम्ही बडोद्यात चांगलेच अनुभवले. दिवसभर राबलेली बाई रात्री घोरणारच आणि तिने घोरावेही. आमच्या आईसाठी ठेवलेली पहिली आया इतकी गाढ झोपत असे की तिला उठवण्यासाठी आईच उठून जात असे!

ब्यूरोविषयी सांगायचे तर दोन महिन्यांत आमच्याकडे पाच जणी येऊन गेल्या. एक गावी गेली, एकीला जास्त पैशांचे काम मिळाले, एकीला जवळचे घर हवे होते. त्या बायकांना मी दोष देत नाही, कारण महिन्याच्या रकमेतला मोठा हिस्सा ब्यूरो ठेवून घेतो, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली. परंतु दर वेळी आईला नव्या हाताची सवय करावी लागे, आणि कंपवातात नवा हात म्हणजे नवी भीती असते. शेवटी आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे ओळखीतून जवळच राहणारी एक बाई शोधली, तिला ब्यूरोच्या दरानेच, पण सगळे पैसे थेट हातात दिले, आठवड्याची सुट्टी ठरवून दिली आणि दिवाळीला एक पगार जास्तीचा कबूल केला. दुसरी म्हणजे आईची दिनचर्या गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवली. गोळी किती वाजता, पाणी किती, उठवताना हात कुठे धरायचा, काय केलेले आईला आवडत नाही, हे सगळे त्यात होते. त्या बाईला ताप आला तेव्हा तिची बहीण तो कागद वाचून चार दिवस काम करून गेली.

ओळखीतून माणूस घेतला तरी आधारकार्डाची प्रत घेणे आणि पोलीस ठाण्यात नोंद करणे टाळू नका. ब्यूरोच्या माणसाची नोंद ब्यूरोने केलेली असतेच असे नाही, ती आपण विचारून घ्यावी.

तिसरा_मजला | ४ ऑगस्ट, दुपारी २.२०

मैनाताई, माझ्या यजमानांना चौदा वर्षे हा आजार होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तुम्ही किती तास असे विचारता. मी विचारीन की कोणते तास. आमच्याकडेही पहिला माणूस सकाळी नऊ ते रात्री नऊ असा ठेवला होता, कारण ब्यूरोची ड्यूटी तशीच असते. वास्तविक यजमानांची सर्वांत बिकट वेळ सकाळी साडेपाच ते आठ ही होती. पहाटे अंग लाकडासारखे ताठ झालेले असे, आणि त्याच वेळी शौच, दाढी, आंघोळ, सगळे उरकायचे असे. तो मुलगा नऊ वाजता भांग पाडून येई तोपर्यंत मी घामाघूम होऊन गेलेली असे. अकरानंतर यजमान स्वतः वर्तमानपत्र वाचत आणि तो मुलगा मोबाइल पाहत बसे. हे तब्बल सात महिने चालले आणि त्याचे पैसे आम्ही दिले.

मग न्यूरोलॉजिस्टनी सांगितले म्हणून आठ दिवस एक वही ठेवली. गोळी घेतली ती वेळ, हालचाल मोकळी झाली ती वेळ, पुन्हा आखडायला लागले ती वेळ, जेवण, शौच, लघवी, अडखळणे, अंग नको इतके हलणे, एवढ्याच नोंदी होत्या. लेव्होडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाच्या गोळीचा परिणाम सुरुवातीच्या वर्षांत दिवसभर सारखा राहतो, पण पुढे तो दोन गोळ्यांच्या मध्येच संपू लागतो. डॉक्टरांच्या भाषेत मोकळ्या वेळेला ‘ऑन’ आणि आखडलेल्या वेळेला ‘ऑफ’ म्हणतात. वही पाहून त्यांनी आधी गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि मग आम्ही माणसाच्या. जेवणाचा संबंधही तेव्हाच उमगला. डाळ, दही, पनीर यांतली प्रथिने या औषधाच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायची असते. आमच्याकडे दुपारची गोळी वरणभाताबरोबर जात असे आणि चार वाजता ‘आज काही जमत नाही’ म्हणून ते हताश होऊन बसत. मात्र प्रथिने आपल्या मनाने कमी करू नयेत. आधीच वजन उतरत असते.

माणूस ठरवण्याआधी ही आठ दिवसांची वही लिहा, एवढे माझे ऐका.

उंटावरचा_शहाणा | ४ ऑगस्ट, दुपारी ३.१०

इतक्या रासायनिक गोळ्यांपेक्षा कुहिलीच्या बियांचे चूर्ण का देत नाही? कंपवात आयुर्वेदाला पूर्वीपासून ठाऊक आहे.

लष्करकर | ४ ऑगस्ट, सायंकाळी ६.००

शहाणे महाशय, ग्वाल्हेरला अडतीस वर्षे औषधांच्या दुकानात काढल्यामुळे उत्तर देतो. कुहिली, म्हणजेच खाजकुइली, या आजारावर वापरली जात होती हे खरे आहे, आणि तिच्या बियांत लेव्होडोपा निसर्गतःच असते हेही खरे आहे. म्हणूनच ती गुपचूप सुरू करू नये. गोळीतून तेच द्रव्य मोजून जात असताना चमचाभर चूर्णातून किती गेले हे कोण मोजणार? कोणी घेतच असेल तर निदान न्यूरोलॉजिस्टला सांगून घ्यावे. गोळ्या एकाएकी बंद करणे तर अत्यंत धोकादायक आहे, त्याने तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.

मैनाताई, सयाजीबागेतल्यांच्या त्या कागदावर आणखी एक ओळ तांबड्या शाईने लिहा. उलटी-मळमळीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवर दिले जाणारे प्रोक्लोरपेराझिन आणि रुग्ण बडबडतो म्हणून दिले जाणारे हॅलोपेरिडॉल ही औषधे मेंदूतल्या डोपामिनची, म्हणजे या आजारात आधीच कमी पडणाऱ्या द्रव्याचीच, वाट अडवतात आणि कंपवात वाढवतात. माझ्या सासूबाईंना उलट्या होत होत्या म्हणून रात्री एका दवाखान्यात नेले, तिथे इंजेक्शन दिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तोंडही उघडता येईना. तिथल्या डॉक्टरांना आजार सांगायचे आमच्याकडून राहिले होते आणि त्यांनीही विचारले नव्हते. मी जन्मभर ती औषधे विकलेला माणूस, तरी त्या धांदलीत माझ्या लक्षात आले नाही. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी आहे.

आणखी एक. बरे असलेले माणूस दोन दिवसांत अचानक बरळू लागले, तर आजार वाढला असे समजून बसू नका. आधी लघवीतला जंतुसंसर्ग, छाती आणि बद्धकोष्ठ हे तपासून घ्या.

पोहेप्रेमी | ४ ऑगस्ट, सायंकाळी ६.२५

लष्करकर काकांचा प्रतिसाद छापून घेतला आहे. पोह्यांबद्दल मात्र कोणी काही बोलले नाही, म्हणून भीतभीत विचारतो : इंदूरच्या कंपवाताच्या रुग्णाने पोहे-जिलबी सोडावी काय?

तिसरा_मजला | ४ ऑगस्ट, रात्री ८.४५

सोडू नयेत, पण वरची शेव सोडावी. हा प्रश्न तुम्ही थट्टेत विचारलात तरी महत्त्वाचा आहे, कारण गिळणे मंदावले की कोरडे, भुरभुरीत पदार्थ घशात अडकतात आणि श्वासनलिकेत गेलेल्या घासातून न्यूमोनिया होतो. आमच्याकडे पोहे चांगले ओलसर करून, शेवेऐवजी रस्सा घालून देत असू. ताठ बसवून, लहान घास, घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा, आणि तोंडात घास असताना बोलायला लावायचे नाही. जेवताना खोकला येऊ लागला किंवा आवाज ओला, घरघरल्यासारखा झाला, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. ठेवलेल्या माणसाला घाईने भरवण्याची सवय असते, त्याला हे सर्वांत आधी शिकवावे लागते.

सरळ_पाठ | ५ ऑगस्ट, सकाळी ९.१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाबा उंबरठ्यापाशी पडले, यात नवल नाही. चालता चालता पाय जमिनीला खिळणे, ज्याला ‘फ्रीझिंग’ म्हणतात, ते दार, अरुंद जागा, वळण आणि उंबरठा या ठिकाणी हमखास होते. अशा वेळी काळजी घेणारा माणूस प्रेमाने हात धरून पुढे ओढतो, आणि रुग्ण तोंडावर पडतो. वरचे शरीर पुढे जाते, पाय जागीच राहतात. ओढू नये. थांबावे, उभे स्थिर करावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवावे आणि ‘एक, दोन’ अशा ठेक्यावर पाऊल टाकायला सांगावे. ठेका आणि डोळ्यांना दिसणारी रेघ या दोन गोष्टी मेंदूला दुसऱ्या वाटेने चालवतात. ज्यांना सपाट फरशीवर पाऊल उचलता येत नाही, त्यांतले पुष्कळ जण जिना चढतात, ते पायऱ्यांच्या कडा दिसतात म्हणून. दारापाशी फरशीवर पावला-पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारून पाहा.

वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घेऊन वळावे. उचलून टाकावा लागणारा चार पायांचा साधा वॉकर पुष्कळदा अडथळाच ठरतो. बाजारातून आणण्याआधी चालवून पाहावा. पलंग गुडघ्याच्या उंचीचा हवा. कुशीवर वळण्यासाठी कमरेखाली सॅटिनसारखे गुळगुळीत कापड अंथरले की अंग सरकते. गादीवरून उठल्याबरोबर उभे करू नये, दोन-तीन मिनिटे पाय खाली सोडून बसू द्यावे, कारण उभे राहताच रक्तदाब उतरण्याची प्रवृत्ती या आजारात असते.

आणि नवा माणूस येईल तेव्हा पहिले चार दिवस फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून त्याला शिकवून घ्या. तो खर्च वाया जात नाही.

राजेंद्रनगरकर | ५ ऑगस्ट, सकाळी १०.००

हे सर्व उत्तम आहे, पण मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे. ७० च्या घरातली आई, दोन खोल्या, दूर राहणारी मुले, आणि आजार तर वाढतच जाणार. रेघा मारून किती वर्षे जातील? चोवीस तासांचा माणूस नको असेल तर सरळ एखाद्या चांगल्या केअर सेंटरचा विचार करा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

सयाजीबागेतला | ५ ऑगस्ट, सकाळी १०.३०

लाज नाही, पण घाई आहे. नऊ वर्षे आजार असलेला माणूस अजून दूधवाल्याचा हिशेब लिहितो, याचा अर्थ काय ते पाहा. घरातली जागा बदलली की अशा माणसाचा गोंधळ वाढतो, हे आम्ही आईला सहा महिने भावाकडे ठेवले तेव्हा पाहिले.

राजेंद्रनगरकर | ५ ऑगस्ट, सकाळी १०.४०

आणि एकटी बायको कमरेतून मोडली की काय वाढते, तेही पाहा.

कुलूपकिल्ली | ५ ऑगस्ट, दुपारी १२.५०

दोघांचीही क्षमा मागून मधे बोलते. आम्ही ठेवलेला माणूस मेहनती होता, पण एके दिवशी सासऱ्यांना अंगणात लहान मुले दिसू लागली आणि तो ‘बाबूजी को हवा लग गई है’, म्हणजे बाहेरची बाधा झाली, असे म्हणत दुसऱ्या दिवसापासून यायचाच बंद झाला. नसलेली माणसे दिसणे आजारामुळेही होते आणि औषधांमुळेही, हे आम्ही त्याला आधी सांगायला हवे होते. सासूबाई मात्र शांतपणे म्हणत, ‘मुले गेली का घरी? मग आता आपण जेवू.’ वाद घालू नये आणि डॉक्टरांना मात्र लगेच कळवावे, असे आम्हाला सांगण्यात आले.

पावती_जपा | ५ ऑगस्ट, सायंकाळी ७.१०

खर्चाविषयी थोडे. सत्तरीवरील नागरिकांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत जे संरक्षण मिळते, ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या माणसाचा पगार त्यात येत नाही. तरी कार्ड काढून ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या यादीत पार्किन्सन्सचा समावेश आहे, तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, यांसाठी अर्ज करता येतो. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ८० डीडीबीखाली, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास, ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारांवरील खर्चासाठी एक लाखापर्यंत वजावट मिळत आली आहे, पण ती जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांनाच, आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन हवे. दादा आणि ताई दोघे खर्च करत असतील, तर कोणी कशाचे पैसे दिले हे पहिल्यापासून लिहून ठेवा. त्याने कर वाचो न वाचो, भांडण वाचते.

अक्षर_लहान | ६ ऑगस्ट, दुपारी १२.०५

या धाग्यावर आजारी माणूस बहुधा मी एकटाच असेन, म्हणून लिहितो. मला सहा वर्षांपासून कंपवात आहे. हा प्रतिसाद लिहायला मला सव्वा तास लागला आहे, तेव्हा लांबला तर सांभाळून घ्यावे.

मैनाताई, ‘बाबांना विचारले तर ते छताकडे पाहत राहतात’ हे तुमचे वाक्य मी तीनदा वाचले. तुम्ही त्यांना किती वाजता विचारलेत? माझ्या घरी सगळे महत्त्वाचे विषय रात्री साडेनऊला निघतात, कारण तेव्हा मुले कामावरून येऊन जेवलेली असतात. त्या वेळी माझी गोळी उतरलेली असते. चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत, आवाज पुटपुटण्याइतका राहतो, आणि उत्तराचा पहिला शब्द ओठांवर येईपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असतो. समोरच्यांना वाटते की म्हातारा ऐकत नाही, किंवा याला काही म्हणायचे नाही. मला म्हणायचे असते. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावरच्या निबंधात, यात इंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात असे लिहिले होते. ते सर्वांच्या बाबतीत खरे नाही हे आता माहीत आहे, पण आमचे चेहरे पाहून बुद्धीचा अंदाज करू नये, इतके तर खरे आहे.

त्यांना सकाळी गोळीनंतर तासाभराने, ते मोकळे असतील तेव्हा विचारा. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मग मनात वीसपर्यंत मोजा. माणूस किती तासांचा हवा, यापेक्षा कोणत्या कामाला त्याचा हात चालेल आणि कोणत्या कामाला चालणार नाही, हे विचारा. माझ्यापुरते सांगतो. आंघोळीला परका माणूस मला चालतो, बायको नको वाटते. तिने मला तसे पाहू नये असे वाटते. सदऱ्याची बटणे मात्र मीच लावीन, मग वीस मिनिटे लागोत. पहिल्या मुलाने मदत म्हणून ती भराभर लावून टाकली तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो, आणि ओरडणेही पुरेसे मोठे निघाले नाही.

तिसरा_मजला | ६ ऑगस्ट, दुपारी १.३०

अक्षर_लहान, आमच्याकडेही असेच झाले असणार. मी बटणे काढून वेल्क्रो शिवून घेतले होते आणि फार हुशारी केली असे मला वाटत होते.

अक्षर_लहान | ६ ऑगस्ट, दुपारी २.४०

वेल्क्रो चांगलेच असते, ताई. मी हट्टी आहे.

माळवी_मैना | ६ ऑगस्ट, रात्री ९.५०

सर्वांचे आभार. अक्षर_लहान काका, आम्ही रात्री पावणेदहाला विचारले होते. वही उद्यापासून सुरू करते.

लष्करकर | ७ ऑगस्ट, सकाळी ८.००

अवश्य करा. आणि आईंनाही कोणाशी तरी बोलू द्या. पुण्यातले पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणते. तुमच्या घरची शुभंकर सध्या स्वतःच कमरेला पट्टा बांधून आहे. भाऊ पुण्यातच आहे, तर त्याला त्यांच्या सभेला जायला सांगा. दुरून काळजी करण्यापेक्षा ते उपयोगाचे होईल. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही लिहून ठेवा.

माळवी_मैना | २६ ऑगस्ट, रात्री १०.३०

तीन आठवड्यांनी परत येत आहे, कारण काही गोष्टी ठरल्या आहेत आणि काही अडल्या आहेत.

आठ दिवस वही लिहिली. पहिले दोन दिवस मी लिहिली, तिसऱ्या दिवशी बाबांनी ती मागून घेतली आणि तिच्यात पट्टीने रकाने आखले. ड्राफ्ट्समनच ते. त्यात दिसले असे की पहाटे पाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा या त्यांच्या अत्यंत वाईट वेळा आहेत. दहा ते एक ते जवळपास स्वतंत्र असतात. आम्ही तर माणूस दहापासूनच ठेवणार होतो! संध्याकाळच्या अडचणीचे मूळ दुपारच्या गोळीत निघाले, कारण आई ती ताकाबरोबर देत असे. डॉक्टरांनी वही पाहून दोन गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि संध्याकाळचा काळ थोडा सुधारला.

मग रजा घेऊन एका सकाळी साडेदहाला बाबांपाशी बसले आणि मनात वीसपर्यंत मोजले. सतराव्या आकड्याला ते म्हणाले, ‘मुलगा चालेल. पण त्याला सांग, मला बाबूजी म्हणू नकोस, साहेब म्हण.’ आई इतकी हसली की तिला कमर धरून बसावे लागले.

आता सकाळी साडेपाच ते साडेनऊ एक मुलगा येतो. तो आईच्या मैत्रिणीच्या ओळखीतला आहे, जवळच राहतो आणि नंतर दुसरीकडे कामाला जातो. त्याच्या चार तासांना आम्ही अर्ध्या दिवसाहून अधिक पैसे देतो, कारण पहाटेची वेळ कोणालाच नको असते. चहाची शेगडी त्याला मागच्या ओसरीत मांडून दिली होती, म्हणजे आईच्या स्वयंपाकघराचा प्रश्न निघू नये. पाचव्या दिवशी आईनेच त्याला आत बोलावून चहा दिला आणि शेगडी परत माळ्यावर गेली. संध्याकाळी दोन तास शेजारचा एक विद्यार्थी बाबांना अंगणात चालवतो आणि मोबदल्यात बाबा त्याला भूमिती शिकवतात. काही दिवस शिकवण्याचा आवाज ऐकू येतो, काही दिवस येत नाही.

रात्रीचा प्रश्न सुटलेला नाही, राजेंद्रनगरकर, तुमचे ते म्हणणे खरे होते. सॅटिनचे कापड, पलंगाजवळ मूत्रपात्र, मंद दिवा आणि घंटा, एवढे केल्यावर आईला तीनऐवजी एकदा उठावे लागते. परंतु ते एकदासुद्धा तिच्या कमरेला जड जाते. दादा म्हणतो की रात्रीचा माणूस तो स्वतःच्या खर्चाने ठेवील, फक्त तो झोपणार कुठे हे मी सांगावे. तसेच त्या मुलाच्या रविवारच्या सुट्टीला काय करावे, हेही कोणी सुचवावे. गेले दोन रविवार मी पहाटे पाचला पोहोचले आहे.

राजेंद्रनगरकर | २६ ऑगस्ट, रात्री ११.१५

ओसरीला जाळी आणि पंखा बसवून एक पलंग टाकता येईल काय? आमचा माणूस तसाच झोपत असे. आठवड्यातून रोज नको असेल तर तीनच रात्री ठेवा, म्हणजे आईंची सलग झोप तेवढी तरी होईल. आणि मी चोवीस तासांचा आग्रह धरला होता, त्याबद्दल इतकेच सांगतो की आम्ही वही ठेवली नव्हती.

सयाजीबागेतला | २७ ऑगस्ट, सकाळी ७.२०

रविवारसाठी त्याच मुलाच्या ओळखीचा दुसरा कोणी पाहा आणि त्याला आधी दोन दिवस पैसे देऊन नुसते बघायला बोलवा. कपाटावरचा कागद लावला आहे ना?

माळवी_मैना | २७ ऑगस्ट, दुपारी १.१०

लावला आहे. मजकूर माझा आहे, आखणी बाबांची आहे, आणि लष्करकर काकांची ओळ तांबड्या शाईत आहे.

सरळ_पाठ | २७ ऑगस्ट, दुपारी ३.००

उंबरठ्याचे काय केलेत?

माळवी_मैना | २७ ऑगस्ट, रात्री ९.००

न्हाणीचा उंबरठा फोडून उतार केला. दारापाशी रेघांसाठी मी पिवळी चिकटपट्टी आणली होती आणि अंदाजाने लावायला बसले, तर बाबांनी थांबवले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांनी विद्यार्थ्याला खडू दिला, स्वतः तीनदा चालून पावलांचे माप घेतले, सरासरी काढली आणि कागदावर न्हाणीपर्यंतचा नकाशा काढून दिला. आकडे मुंगीएवढे आहेत, पण रेघ सरळ आहे. त्या रेघांवरून ते बऱ्याच वेळा न थांबता जातात, नेहमी नाही.

अक्षर_लहान | २८ ऑगस्ट, सकाळी ११.४५

मैनाताई, माझ्याही दारापाशी रेघा मारायच्या आहेत. दोन रेघांमध्ये अंतर किती ठेवले, ते बाबांना विचारून सांगाल काय?

माळवी_मैना | २८ ऑगस्ट, दुपारी १२.३०

विचारले. म्हणाले, ‘त्यांना सांग, आमचे अंतर त्यांना चालणार नाही. आधी त्यांच्या दहा पावलांचे माप पाठवायला सांग, गोळीनंतर तासाभराने घेतलेले.’